बिनदुधाचा शिधा

"अण्णा, ते पातेलं आत न्या ना."

मी नुकतंच दूध तापवून टेबलावर आणून ठेवलं होतं. शलाका ओढणी नाकाला लावून खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"वास येतोय का? कौसाबाई पाणी घालते, पण नासकं कधी देत नाही."

"नासलं नाहीये. मी दूध सोडलंय."

"मग चहा?"

"कोरा. दही, ताक, तूप, लोणी, दुधाचं काहीच नको." जरा थांबून ती म्हणाली, "व्हीगन म्हणतात त्याला. पुण्यात पुष्कळ जण आहेत तसे."

"बरं," मी म्हणालो आणि पातेलं आत नेलं.

मला पुढचा प्रश्न विचारता येत नाही. तेव्हाही येत नव्हता. बार्शीच्या कॉलेजात मी सहायक ग्रंथपाल होतो. लोक मागत आणि मी पुस्तक काढून देई, एवढ्यावर नोकरी निभावली. घरातलं बोलणं शलाकाच्या आईकडे असे, आणि ती जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

शलाका आदल्या संध्याकाळी पुण्याहून एसटीने आली होती. दीडएक महिन्यापूर्वी तिला मुलगी झाली होती, दिवस भरायच्या आधी. काचेच्या पेटीत ती थोडे दिवस जगली आणि बारशाच्या आत गेली. प्रसन्नचा, म्हणजे जावयाचा फोन आला, "अण्णा, बाळ राहिलं नाही." मी पुण्याला गेलो, त्यांच्या हॉलमधल्या खुर्चीवर बसून राहिलो आणि परत आलो. त्या वेळी आम्ही बापलेक काय बोललो म्हणाल, तर माझी परतीची गाडी किती वाजता आहे ते.

आता ती माझ्या घरात होती, आणि हात वर केला की तिच्या मनगटातली बांगडी थेट कोपराशी जात होती.

दुपारी प्रसन्नचा फोन आला.

"हिमोग्लोबिन फार खाली गेलंय, अण्णा. डॉक्टर मला ओरडतायत. इथे ती त्या खोलीत पाऊल टाकत नाही, जेवायला बसत नाही, म्हणून तुमच्याकडे पाठवली. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी मी येतो. तोवर खायला लागली नसेल तर घेऊन येईन आणि ॲडमिट करू. दुसरं काय करू मी? मलाही काही..."

"मी बघतो," मी म्हणालो. काय बघणार होतो, कुणास ठाऊक.

वळलो तर शलाका दारात उभी.

"मला तिकडे नाही जायचं इतक्यात. पाळणा अजून तिथेच आहे."

"बरं," मी पुन्हा म्हणालो.

माझा सगळा स्वयंपाक दुधावर उभा होता. सकाळी दूधपोळी, दुपारी ताकभात, रात्री दहीभात. वरण करायचो ते वर तूप घालता यावं म्हणून. एकट्या माणसाचं असंच असतं. आता ह्या घरात दुधाचा थेंब न आणता पोरीच्या अंगात रक्त आणायचं होतं, आणि तेही पेन्शनीत. प्रसन्नकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं शलाकाने येतानाच बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी कौसाबाईला दूध बंद करायला सांगितलं. ती किटली खाली ठेवून उभीच राहिली.

"का वो? दुसरीकडं रतीब लावला व्हय?"

"तसं नाही. लेक आलीय, ती दूध घेत नाही."

"लेक न्हाई घेत, तुमी तर घेताय की!"

"घरात आणायचंच नाही म्हणतो."

"पुन्यात जाऊन पोरी लई शान्या हुत्यात," ती म्हणाली आणि किटली उचलून जिना उतरली. माझंही मन तेच म्हणत होतं. हिने कुठेतरी काहीतरी वाचलं असेल. वाचून आयुष्य बदलू पाहणाऱ्या माणसांचं मला अप्रूपही वाटतं आणि भीतीही. मी स्वतः जन्मभर वाचलं आणि काहीच बदललं नाही.

रतिबाचे पैसे मोकळे झाले, त्यात किराणा बसवायचा असं ठरवलं. कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन आहारशास्त्राचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात कोष्टकं होती. कशात प्रथिनं, कशात चुना, कशात लोह. दोन दिवस मी ती कोष्टकं वाचली. ज्या माणसाला घरात मोहरीचा डबा सापडत नाही, त्याने हे वाचावं हे हास्यास्पदच होतं, पण दुसरं काही मला करता येत नव्हतं.

मल्लाप्पा कथल्यांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. गल्लीत कुणाकडे काय शिजतं ते मल्लाप्पांना तागडीवर कळतं. उन्हाळ्यात एकदा गूळ घेताना, कसं कोण जाणे, मी त्यांना सांगून बसलो होतो की मी आजोबा होणार आहे. "अरं वा! पेढं पायजेत बरं का, सर," असं म्हणून त्यांनी गुळाचा एक खडा जास्तीचा टाकला होता. त्यानंतर जे घडलं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. मी भर गर्दीच्या वेळी दुकानात जाऊ लागलो, म्हणजे बोलणं टळे.

त्या दिवशीही गर्दी होती.

"बदामाचं दूध मिळतं का हो?" मी विचारलं.

"डब्यातलं? सोलापुरात मिळतंय. पर एक डबा आणला तर महिनाभर नुसती डब्याची पूजा करावी लागंल, सर."

बायका हसल्या. मी कोष्टकातून उतरवलेलं वाचून दाखवलं. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळं, हरभरे, मटकी, नाचणी, करडईचं तेल.

"ह्ये बरं. समदं आपल्या मातीतलं," मल्लाप्पा म्हणाले. "पर दूध न्हाई, तूप न्हाई. पुस्तकात वाचून संसार मांडलाय व्हय, सर, ह्या वयात?"

मी हसल्यासारखं केलं आणि पिशवी उचलली.

पहिला प्रयोग शेंगदाण्याच्या दुधाचा. रात्रभर भिजवलेले दाणे वाटले, फडक्यातून पिळले. पांढरंशुभ्र निघालं. मला फार आनंद झाला. चहात घातलं, तर चहा फाटला आणि कपात दाण्याची चटणी तरंगू लागली. शलाकाने कपात बघितलं, मग माझ्याकडे.

"राहू द्या, अण्णा. मी कोराच पिते."

मीही कोराच प्यालो. त्याला आता दहा-बारा वर्षं झाली, तीच सवय राहिली आहे.

मग चटण्या झाल्या. जवस भाजताना टणाटण उडून निम्मे शेगडीखाली गेले. तिळात मीठ जास्त पडलं. भाकरी मला येत नाही, ती कोपऱ्यावरच्या बाईकडून गरम आणायचो. मटकीला मोड आले तेव्हा मी ते शलाकाला दाखवायला घेऊन गेलो, शाळेतलं मूल प्रयोग दाखवतं तसं. ती "छान आलेत" म्हणाली. ताटात वाढले की ती बोटाने बाजूला करायची, चतकोर भाकरी तेलचटणीशी खायची आणि पाणी प्यायची. ती खात असताना मी पुस्तक उघडून बसायचो. पान उलटायला विसरायचो. तिला ते कळत असावं.

एकदा ती म्हणाली, "तुम्ही किती दमताय. नका करू एवढं."

"मला काय काम आहे?"

"तेच म्हणते. आराम करायचा सोडून."

सबंध दुपार पंख्याचा आवाज ऐकण्यात गेली. थकवा घरभर पसरला होता, आणि तो तिचा किती, माझा किती, ते सांगता आलं नसतं.

पहिला रविवार गेला. प्रसन्न रोज फोन करत होता आणि मी रोज "थोडं खाल्लं" म्हणत होतो. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ती दुपारी झोपली की चेहरा उशीत मावल्यासारखा दिसे. पुढच्या रविवारी तो येणार आणि तिला त्या खोलीत नाहीतर दवाखान्यात नेणार, आणि ती "बरं" म्हणून जाणार, माझीच मुलगी ती, हे मला दिसत होतं.

मी गूळ आणायला गेलो तेव्हा दुकान रिकामं होतं. अंदाज चुकला. मल्लाप्पांनी पकडलंच.

"लेक आलीया म्हणं, सर! कौसाबाईनं सांगितलं. आमाला पत्ताच न्हाई!"

"हो. आलीय."

"बरी हाय न्हवं?"

"अशक्तपणा आहे फार. रक्त कमी झालंय. काही खात नाही."

"असणारच की! मग तिला ह्ये जवस-कारळं काय घालताय, पाखराला घातल्यावानी? थांबा." ते आत गेले आणि एका डब्यातून बारीक, तांबूस दाणे कागदावर काढून माझ्यासमोर धरले. "अळीव. तुमच्या पुस्तकात हाय का न्हाई?"

होतं. लोहाच्या रकान्यात त्याचा आकडा सगळ्यांच्या वर होता. मी तसं सांगितलं.

"बगा! पुस्तकवालं बी शानं हाईत म्हणायचं. नारळाच्या पाण्यात भिजत टाका. ओलं खोबरं, गूळ, मंद आचंवर आटवा, लाडू वळा. रोज एक. चार दिसांत फरक बगा."

"दूध, तूप लागतं का?"

"थेंब न्हाई."

मला एकदम हलकं वाटलं. लोह आहे, दूध नाही, महाग नाही. मी पैसे काढले तर ते घेईनात.

"ऱ्हाऊ द्या. आजोबा झालासा, पेढं तर काय खायला घातलं न्हाई. ह्ये माझ्याकडनं."

तिथे एक वाक्य बोलायला हवं होतं. मागे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. मी पुडी पिशवीत टाकली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी शलाका झोपली असताना मी लाडू केले. नारळ फोडताना बोट कापलं. खोबरं खवायला आणि गूळ चिरायला पाऊण दुपार गेली. भिजून अळीव फुगले होते, चिकट झाले होते, पण आटवल्यावर मिश्रण कढईच्या मधे गोळा होऊन आलं, आणि गरम असतानाच वळता वळता मला जाणवलं, की हे जमलं. आयुष्यात मी स्वतः केलेला हा पहिला गोड पदार्थ होता. आठ-दहा लाडू ताटलीत मांडले. घरभर गुळाखोबऱ्याचा वास सुटला होता.

वासानेच ती उठून आली. केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप.

"काय केलंत, अण्णा? केवढा छान वास!"

इतक्या दिवसांत ती आपणहून स्वयंपाकघरात आली नव्हती. मी ताटली पुढे केली. तिने लाडू उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबली. लाडवाकडे बघत राहिली.

"अळीव आहेत हे."

"हो. लोहाचं प्रमाण सर्वांत जास्त. कोष्टकात आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मल्लाप्पांनी. दूध-तूप काही नाही ह्यात, मी विचारून घेतलं."

"अण्णा, अळीव कुणाला देतात?"

"अशक्त माणसाला?"

"बाळंतिणीला देतात," ती म्हणाली. "दूध यावं म्हणून."

शलाकाचा जन्म तिच्या आजोळी झाला, अक्कलकोटला. पहिलं बाळंतपण माहेरी, तशी रीतच. बारशाला जाऊन पाळण्याजवळ उभा राहिलो आणि परत आलो. पुढे मायलेकी घरी आल्या त्या शलाकाच्या डोळ्यांत काजळ, कपाळाला तीट, असं सगळं आटोपल्यावर. तिच्या आईने तिकडे काय खाल्लं, कुणी करून घातलं, मला कधी कळलं नाही आणि मी विचारलं नाही. कोष्टकात लोहाचा रकाना होता. कुणी कधी खायचं, हा रकाना नव्हता.

शलाकाने लाडू परत ताटलीत ठेवला, हळू, मोडू नये अशा बेताने. आता ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. ओट्याला टेकून, खाली बघत बोलू लागली, कुणाची तरी हकिकत सांगावी तशी.

"माझं थांबतच नव्हतं, अण्णा. ती पेटीत होती तेव्हा थेंब थेंब निघायचं, तेवढंच नळीने द्यायचे. आणि ती गेली त्या संध्याकाळी भरून आलं. गोळ्या दिल्या, पट्टा बांधला, तरी येत राहिलं. कपडे भिजायचे. बाळ नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, मोरीत टाकू नकोस, झाडाच्या मुळाशी घाल. मी गॅलरीत जाऊन कुंडीत घालायचे. समोरच्या बिल्डिंगमधली बाई बघायची."

मी कापलेलं बोट दाबून धरलं होतं.

"सकाळी घरात दूध तापायला लागलं की तोच वास. म्हणून सोडलं. व्हीगन म्हटलं की बरं असतं. लोक पुढे विचारत नाहीत. त्यांना वाटतं, फॅड आहे."

"मलाही वाटलं."

"माहीत आहे."

काहीतरी बोलायला हवं होतं. इतकी पुस्तकं वाचलेली, दुःखावर लिहिलेलं किती काय वाचलेलं, त्यातलं ओळभरही उपयोगाचं आठवेना. जे आठवलं ते सगळं दुसऱ्याचं होतं. मी पाट ओढून खाली बसलो. तीही बसली, समोर, भिंतीला टेकून. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आणि मग, का ते मला आजही सांगता येणार नाही, मी पुढचा प्रश्न विचारला.

"नाव काय ठरवलं होतंस?"

तिने चमकून वर बघितलं.

"कुणीच विचारलं नाही मला," ती म्हणाली. "बारसं झालं नाही ना. दवाखान्यात 'बेबी ऑफ शलाका' लिहिलं होतं. घरी सगळे 'ते' म्हणतात. ते झालं, ते गेलं. प्रसन्नसुद्धा. त्याला बोलवतच नाही, मी काय म्हणू त्याला?"



"रेवा," ती म्हणाली. "पेटीला भोक असतं ना, हात घालायला, त्यातून मी बोलायचे. रेवा, रेवा. एकदा बोट धरलं होतं तिने माझं."

"रेवा," मी म्हणालो.

"परत म्हणा."

"रेवा."

तेव्हा ती रडली. मी सरकून तिच्याजवळ बसलो. हात कुठे ठेवायचा ते कळेना. शेवटी पाठीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. ती लहान असतानाही मी तिला फार जवळ घेतलेलं नव्हतं. हाताला नुसती हाडं लागत होती. फार वेळ ती रडत होती आणि मला वाटत होतं की आता ह्यातून काहीही होवो, हे रडणं माझ्या घरात झालं ते बरं झालं.

ऊन खिडकीतून गेलं तशी ती उठली, तोंड धुऊन आली. ताटलीकडे बघून म्हणाली, "ह्यांचं काय करायचं आता? एवढं खपून केलेत. टाकवतही नाहीत."

"मी खाईन."

"तुम्ही? अळिवाचे लाडू?"

"लोह आहे," मी म्हणालो.

ती हसली. नीट हसू नव्हतं ते, नाकातून हवा सुटावी तसं काहीतरी, पण तिला आवरलं नाही. ओढणीने नाक पुसत ती पाटावर बसली आणि डब्यांची रांग बघू लागली, जणू ती पहिल्यांदाच दिसत होती.

"अण्णा, शेंगोळी येतात तुम्हाला?"

"नाही."

"आई करायची, रस्सा भाजी असते तशी, पातळ. लसूण भरपूर. मला कालपासून उगीच आठवतायत. मी सांगते, तुम्ही करा. किंवा मीच वळते, तुम्ही फोडणी द्या. हुलग्याचं पीठ आहे?"

एवढा शिधा भरला होता घरात. हुलगे तेवढे नव्हते.

"आणतो," मी म्हणालो आणि चपला घातल्या.

संध्याकाळची वेळ, दुकानात ही गर्दी. मल्लाप्पा साखर तोलत होते. मला बघताच त्यांनी लांबूनच हाळी दिली.

"काय सर, लाडू जमलं का? आन् सांगा तरी, नात हाय का नातू?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी काउंटरची फळी धरली. गर्दीत मागे सरकायची मला सवय आहे, पाऊल मागे गेलंही होतं.

"नात होती," मी म्हणालो. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "रेवा नाव तिचं. बारशाच्या आधीच गेली."

तागडीत पडणारी साखर थांबली. मल्लाप्पांनी मापटं खाली ठेवलं, टोपी काढून हातात घेतली.

"सर, मला म्हाईत असतं तर ते अळीव मी..."

"तुम्हाला कसं माहीत असणार? मी सांगितलं नव्हतं."

पुढे उभ्या असलेल्या बायका बाजूला झाल्या. त्यांतली एक काहीतरी पुटपुटली, त्यात मला फक्त 'रेवा' एवढंच ऐकू आलं. मी फळीपाशी गेलो. मल्लाप्पांनी टोपी परत डोक्यावर घातली.

"काय देऊ, सर?"

"हुलग्याचं पीठ द्या," मी म्हणालो. "लेकीनं मागितलंय."